चटणीची पाहणी

"गेल्या वर्षभरात नवऱ्याने तुम्हाला कधी थापड मारली, ढकललं, किंवा अंगावर एखादी वस्तू..."

एवढं मी विचारलं आणि दारातला उजेड गेला. दारात सासू उभी होती. मी श्वाससुद्धा न घेता वाक्य पुढे रेटलं, "...वस्तू, म्हणजे सुकं खोबरं वगैरे, तुमच्या घरी चटणीत घालतात का?"

समोर बसलेली वैजयंता माझ्याकडे बघतच राहिली. मध्येच कुणी आलं तर मी असं काहीतरी बरळणार आहे, हे मी तिला आधी सांगून ठेवलं होतं. पण सांगणं वेगळं आणि भलत्या वेळी अंगावर खोबरं येणं वेगळं.

"घालतो की," ती कशीबशी म्हणाली.

"घालतो काय घालतो? किती घालतो, भाजून का तळून, त्ये सांग की बाईस्नी. पुण्यासनं आल्यात त्या," असं म्हणत हौसाक्का आत आल्या, पदर खोचला आणि माझ्या न् सुनेच्या बरोबर मधे बसकण मारली. "तिला काय इचारताय? मी सांगते. लिव्हा."

मी लिहिलं. भाकऱ्या थापायची वेळ झाली तरी हौसाक्का अजून मिरचीचे देठच काढत होत्या.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, सांगलीकडच्या सावळेवाडीतली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नवीनच लागले होते. घरात बायकांना होणाऱ्या मारहाणीची पाहणी करायची, असं काम होतं. बाईला एकटीला गाठायचं, दार पुढं करायचं, हळू आवाजात विचारायचं, आणि कुणी मधे आलंच तर पांढरा कागद पिवळ्या कागदाखाली सरकवायचा. पांढऱ्यावर खरे प्रश्न, पिवळ्यावर खोटे. हे खोटे प्रश्न बाईचा जीव सांभाळायला असतात. ती काय बोलत होती हे घरातल्यांना कळलं, तर आम्ही निघून गेल्यावर तिचं काय होईल, हे सांगायला नको.

खोटे प्रश्न कशाबद्दल असावेत, यावर आमच्या मॅडमनी पुण्यात बैठक घेतली होती. विषय असा हवा, की ऐकणारा कंटाळून निघून जाईल. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं, कांदा-लसूण चटणी. मॅडम सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या घरी तिखटाची बरणी वर्षभर पुरून उरायची. सांगलीकडे चटणीचं नाव काढल्यावर माणूस कंटाळून निघून जाईल, असं फक्त त्यांनाच वाटू शकत होतं. आणि त्या बैठकीत मीही मान डोलावली होती, कारण मीसुद्धा शनिवारातली.

माझ्याबरोबर रुक्सानाताई होत्या, मिरजेच्या रुक्साना मुजावर. त्या बैठकीला नव्हत्या. पिवळा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यांनी तो वाचला, परत वाचला आणि म्हणाल्या, "मुग्धा, हे कुणी काढलं? आपल्याला गावातनं जिवंत बाहेर पडायचंय ना?"

त्यांचं म्हणणं पटायला मला फार वेळ लागला नाही. पुण्याच्या बायका चटणी लिहून घ्यायला आल्यात, ही बातमी पहिल्या संध्याकाळीच गावभर झाली. आम्ही शाळेच्या खोलीत उतरलो होतो. सकाळी दार उघडलं तर पायरीवर चटणीच्या पुड्या. कुणी वाटीत, कुणी हॉर्लिक्सच्या बाटलीत, कुणी केळीच्या पानात. पाठोपाठ माणसं. बायका तर आल्याच, पण पुरुषही आले, आणि चटणी कधी हाताने न कुटलेले पुरुष सगळ्यात जास्त वेळ बोलले. निवृत्त हेडमास्तर तर लसणीच्या पाकळ्यांबद्दल टिपण काढूनच आले होते. वरच्या आळीचं म्हणणं, चटणीत खोबरं सढळ हाताने पाहिजे. खालच्या आळीचं म्हणणं, खोबऱ्याने चटणी खवट होते आणि वरच्या आळीला अक्कल नाही. या वादावरून दोन मावसभाऊ आमच्यासमोर एकमेकांच्या गळपट्टीला गेले. रुक्सानाताईंनी त्यांना सोडवलं आणि दोघांची चटणी सारखीच चांगली आहे म्हणाल्या. त्यावर दोघेही त्यांच्यावर रुसले.

पाहणीचं मात्र वाटोळं झालं. कुठल्याही घरात दार पुढं केलं, की आतून सासू, बाहेरून शेजारीण आणि खिडकीतून एखादा आजोबा चटणी सांगायला हजर. माझ्या पिशवीत पिवळे कागद भरभरून लिहिलेले आणि पांढरे कोरे.

तरीही बाकीच्या घरांत आज ना उद्या वेळ मिळाला असता. माझा जीव अडकला होता तो वैजयंतात. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर बसले, तेव्हा तिने मला हाताने दुसऱ्या बाजूला बसायला सांगितलं होतं. "ह्या कानानं येत न्हाई मला. हिकडनं बोला." कशाने असं झालं, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मग थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "मला सांगायचंय, ताई. पर आत्या सोडायच्या न्हाईत." सासूला ती आत्या म्हणायची.

तिचा नवरा बाळासो उसाच्या ट्रॅक्टरवर कारखान्याकडे गेला होता आणि शनिवारी परत येणार होता. म्हणजे जे काही करायचं ते त्याच्या आत. मुलाखत झाली की बाईला सांगायचं असायचं, की सांगलीत एक केंद्र आहे, तिथे वकीलबाई असतात, राहायची सोय आहे, फुकट आहे. एवढं सांगायलासुद्धा मला वैजयंता एकटी सापडत नव्हती. पाण्याला गेली तर हौसाक्का बरोबर. गोठ्यात गेली तर हौसाक्का पाठोपाठ. मी दिसले रे दिसले, की म्हातारी हातातलं काम टाकून यायची. "काल धने सांगायचे राहिले बगा." धने झाले, तीळ झाले, दगडफूल झालं. मला त्या बाईचा असा राग यायला लागला, की झोपेतसुद्धा मी तिला मसाला कुटायच्या डंकाखाली बघत होते.

"ती हटणार नाही," मी शुक्रवारी सकाळी रुक्सानाताईंना म्हणाले. मला रडूच येत होतं. "उद्या तो येईल. मग संपलं."

रुक्सानाताई पायरीवर बसून पुड्या बाजूला सारत होत्या. त्या सारता सारता थांबल्या.

"हटणार नाही कशी? चटणीसाठी येते ना? मग चटणीसाठीच जाईल. स्पर्धा लावू."

"कसली?"

"चटणीची. उद्या दुपारी, मारुतीच्या देवळात. सगळं गाव तिथे. घरं मोकळी."

सरपंच आबा पाटील हे ऐकून इतके खूश झाले, की त्यांनी बक्षीस म्हणून पितळी डबा जाहीर केला आणि परीक्षक म्हणून स्वतःला. रुक्सानाताईंनी अट घातली. चटणी फक्त घरातल्या थोरल्या बाईने मांडायची. चाखायला सगळे पुरुष. आणि सुनांनी आपापल्या घरी थांबून, देवळात लागतील तशा गरम भाकऱ्या करायच्या.

"हे बेस्ट केलंत," आबा म्हणाले. "सुना घरातच बऱ्या."

अशा रीतीने बायकांच्या हक्कांचं काम करणाऱ्या आम्ही दोघींनी, सुनांनी घराबाहेर पडू नये, अशी दवंडी भोंग्यावरून गावभर फिरवली. मॅडमच्या कानावर हे गेलं असतं, तर त्यांनी आम्हाला तिथल्या तिथे कामावरून काढलं असतं.

शनिवारी दुपारी देवळापुढे मांडव पडला. बाळासो सकाळीच आला होता. मला वाटलं होतं कुणी लाल डोळ्यांचा राक्षस असेल. निघाला गोरटेला, हसतमुख, तोंडात मॅडम-मॅडम. "आमच्या आईची चटणी पैली येणार बगा, मॅडम," म्हणाला आणि परीक्षकांच्या रांगेत जाऊन बसला. हौसाक्का नवं लुगडं नेसून, पोटाशी बरणी धरून आल्या. त्यांनी बरणी मांडली, शेजारच्या बरणीकडे बघून नाक मुरडलं, आणि मी हळूच मागच्या बाजूने निसटले. रुक्सानाताई दुसऱ्या आळीला पळाल्या.

वैजयंता चुलीपुढे होती. मी दार पुढं केलं, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि पांढरा कागद काढला. ती भाकरी थापत बोलू लागली. हात थांबवला नाही. देवळावरचा भोंगा घरात स्पष्ट ऐकू येत होता.

"लगीन झालं त्याच सालच्या दिवाळीला पैल्यांदा," वैजयंता म्हणाली.

"बरणी नंबर दोन," भोंगा म्हणाला. "मीठ जरा पुढं गेलंय, पर झणका चांगला."

"मग कशावरनं बी. पानी तापलं न्हाई म्हनून. लई तापलं म्हनून."

"हेडमास्तर म्हणतात लसूण कमी. हेडमास्तर, घास गिळून बोला."

"कानावर मारल्यालं त्ये गेल्या साली. हितं जात्यावर पडले. रगत आलं. दवाखान्यात पाय घसरला म्हनून सांगा म्हनले."

मी लिहीत होते. मांडवात लोक खदाखदा हसत होते आणि ते हसणं आमच्यावर येऊन आदळत होतं. इतक्यात भोंगा म्हणाला, "आता हौसाबाईंच्या बरणीचे मार्क. हौसाबाई कुठं गेल्या? आत्ता तर हितं हुत्या. हौसाबाई?"

आणि दारातला उजेड गेला.

मी पांढरा कागद खाली सारला. तोंडातून आपोआप निघालं, "...तर चटणीत तीळ किती..."

"चुलीत घाल ती चटणी," हौसाक्का म्हणाल्या.

वैजयंताचा हात पिठात तसाच राहिला. हौसाक्का आत आल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. नवं लुगडं घामाने भिजलं होतं.

"पैल्या दिवशीच कळलंवतं मला," त्या म्हणाल्या. "चटणी इचारायला कोण दार पुढं करून बसतंय? आन् मिरची किती म्हनून इचारताना कुनाच्या डोळ्यांत पानी येतंय?"

"मग तुम्ही रोज एवढं सांगत का होतात?"

"मी सांगत बसले की तिला बोलता येत न्हवतं म्हनून. ल्योक हाय माजा. तुमी लिव्हनार, त्यो कागद पोलिसात जानार. मला काय ठावं?"

"तो पोलिसांत जात नाही, हौसाक्का."

"आता जाऊ दे की गेला तर."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मला आधी कळलंच नाही. मग त्यांनीच सांगितलं. त्यांची बरणी पुढे आली. बाळासोने बोट घालून चाखली आणि भोंगा हातात घेऊन म्हणाला, चटणी आमच्या आईची, बायकूला कानाखाली दोन दिल्याबगर मीठ बी घालाया येत न्हाई. सगळा मांडव हसला.

आम्ही दोघी आमच्या बोलण्यात होतो. त्या हसण्याचं कारण आम्हाला ऐकू आलं नव्हतं.

"चटणी हिनं केल्याली," हौसाक्का म्हणाल्या. "मिरच्या हिनं निवडल्या, डंकावर ही गेली, आन् बरणी धरून मी गेले. समदी हसली तवा मी बी हसले. हसता हसता बगितलं तर म्होरं बसल्याल्या समद्या म्हाताऱ्या हसत्यात. एक बी गप न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला काय तितं बसवंना. तू लिव्ह. मी हितं भाईर बसते."

आणि त्या उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसल्या. रस्त्यावरून कुणी डोकावलं की "काय पायजे? चटणीचं चाललंय," म्हणून हाकलून लावत होत्या. आमच्या संस्थेने इतका चांगला पहारेकरी आजवर कधी नेमला नाही.

प्रश्न संपत आले. शेवटच्या प्रश्नांत एक होता. मारहाण होत असताना घरातलं कुणी मधे पडलं का? मी तो विचारला. वैजयंताने दाराकडे बघितलं.

"सांग की," उंबऱ्यावरून आवाज आला. पाठ तशीच होती. "न्हाई म्हनून सांग."

"न्हाई," वैजयंता म्हणाली.

मी लिहिलं. मग तिला सांगलीच्या केंद्राचं सगळं सांगितलं, कुठे उतरायचं, कुणाला भेटायचं. ती ऐकत राहिली. भाकरी तव्यावर करपली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मी कागद पिशवीत घालायला लागले, तशा हौसाक्का वळल्या.

"झालं हिचं? आता मला इचार."

"हौसाक्का, तुमचं वय..."

"वयाचं काय करतीस? मला नवरा न्हवता का?"

"तसं नाही. एकोणपन्नासच्या वरच्या बायकांना विचारायचं नाही, असा नियम आहे."

"का? पन्नाशीनंतर इसरतंय व्हय?"

पुढे कितीतरी सेमिनारांत मी हाच प्रश्न विचारला, तरी मला कुणी धड उत्तर दिलेलं नाही. मी पिशवी खाली ठेवली. कागद काढलाच नाही. नुसती त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारले. त्या एकेकाचं उत्तर देत गेल्या, आवाज न चढवता, कुठे काही न लपवता. नवरा जाऊन पंधराएक वर्षं झाली होती, पण त्या त्याच्याबद्दल अशा बोलत होत्या, जणू आत्ताच बाहेर गेलाय आणि कधीही येईल.

"कशाने मारलं होतं?"

"लाकूड हुतं. चुलीतलं, जळतं. मी पोटुशी हुते तवा, त्यानं त्ये लाकूड..." आणि हौसाक्कांनी रस्त्याकडे बघितलं, आणि मुळीच न थांबता म्हणाल्या, "...लाकूड भाईर वडायचं, जाळ बारीक करायचा आन् मग खोबरं भाजायचं. करपू द्यायचं न्हाई, कडू हुतंय."

अंगणात बाळासो उभा होता.

"आई, अगं तिकडं नाव पुकारत्यात तुझं. आन् तू हितं काय करतीस?"

"बाईस्नी खोबऱ्याचं राहिलंवतं. तू हो म्होरं."

"लिव्हून घ्या, मॅडम, लिव्हून घ्या," बाळासो हसून म्हणाला. "आमच्या आईसारखं कुनी सांगनार न्हाई." त्याने रांजणातलं पाणी घेतलं, ओंजळीने तोंडावर मारलं, घटाघटा प्यायला आणि गेला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत हौसाक्का खोबरं भाजत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्ये लाकूड त्यानं हितं लावलं," आणि हात कमरेपाशी नेला.

मी पुण्यात शिकून जे करत होते, ते या बाईने चार दिवसांत नुसतं ऐकून उचललं होतं. मला हसू आलं.

शेवटचा प्रश्न विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्या वाट बघत होत्या. तो प्रश्न कुठला आहे, हे त्यांना माहीत होतं.

"मारताना घरातलं कुणी मधे पडलं?"

"न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "सासू हुती की. तांदूळ निवडत हुती."

आत वैजयंता चुलीपुढे ऐकत बसली होती. भोंग्यावरून आबांनी पितळी डबा खालच्या आळीच्या तारूबाईंना जाहीर केला, हौसाबाईंची बरणी मालकीण गैरहजर म्हणून बाद. एरवी यावरून हौसाक्कांनी मांडव डोक्यावर घेतला असता. "खोबरं घालत न्हाई ती," एवढंच म्हणाल्या, आणि उठून हात धुवायला गेल्या.

सोमवारी आम्ही निघालो. एसटीच्या थांब्यावर बघतो तर हौसाक्का आणि वैजयंता, दोघी पिशव्या घेऊन उभ्या. त्यांना सोडायला बाळासो आलेला. त्याला सांगितलं होतं, की पुण्याच्या बाईंनी आईची चटणी सांगलीच्या मोठ्या प्रदर्शनात लावायची ठरवलंय, आणि जड उचलायला सून बरोबर पाहिजे. बरण्या त्याने स्वतः टपावर चढवल्या. "मॅडम, आईला पैला नंबर द्या बरं का," म्हणाला. रुक्सानाताईंनी त्याला तोंडभर आश्वासन दिलं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर वैजयंता पहिल्यांदा हसली. मग रडली. हौसाक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या.

केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. वकीलबाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी वैजयंताला पाणी दिलं, बसवलं, नाव विचारलं. मग शेजारी उभ्या असलेल्या हौसाक्कांकडे बघून आपुलकीने म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही बरोबर आलात. आईचा आधार असला की मुलीला बळ येतं. तुम्ही हिच्या आई ना?"

"न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "जो मारतोय त्येची."

वकीलबाईंचं पेन हातातच राहिलं. हौसाक्कांनी एक खुर्ची ओढली, वैजयंताच्या चांगल्या कानाच्या बाजूला ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"समदं माज्या डोळ्यांम्होरं झालंय," त्या म्हणाल्या. "कुठनं सांगू?"